रेघ

उलव्याच्या ह्या सेक्टरात रस्ते आधी आलेत,
माणसं यायचीत.
दिव्यांचे खांब ओळीने उभे,
कुणीतरी चुकेल आणि विचारेल म्हणून.
पावणेसहाला मी तिपाई रोवली
आणि कॅमेऱ्याच्या पेटीवर बसून राहिले.

गाडी आधी ऐकू आली, मग दिसली.
खाडीतले बगळे उठले, पुन्हा बसले.
धर्माजी चालवत होता, मखिजासाहेबांचा ड्रायव्हर,
काठोकाठ भरलेली दुधाची किटली घेऊन
जिना उतरावा तसा,
दुसऱ्या गिअरच्या वर न जाता.
गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आला, म्हणाला,
"ह्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं."

गाडी विकायचीय. म्हणून फोटो.
खाली लिहायचंय: एकही ओरखडा नाही.

उजेड मिळतो वीस मिनिटं.
त्याआधी सगळं राखेचं, त्यानंतर नुसतं ऊन.
आणि गाडीचा असा फोटो निघतच नाही,
निघतो तो समोरच्या सगळ्याचा:
खांब, खारफुटी, कुणीतरी टाकलेली ताडपत्री,
दाराच्या बरोबर मधोमध मी,
टोपीसकट.
म्हणून मी काळे कपडे घालते, वाकते, सरकते,
स्वतःला पत्र्यावरून पुसत जाते.

हे बघणं मला तुर्भ्यात मिळालं.
बाबांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज,
छपराला एकच ट्यूबलाइट.
दाराकडे ते समोरून कधी बघत नसत.
गाल जवळजवळ पत्र्याला, एक डोळा मिटलेला,
आणि पत्र्यात पडलेली ती ट्यूब बघायची.
ट्यूब सरळ तर पत्रा सरळ.
ट्यूब जिथे दचकते तिथे मार बसलाय.
शाळेतून आले की मला उभं करत:
"सांग, कुठं?"
मी बोट ठेवायचे.
बरोबर असलं तर एक पेप्सीकोला, नारिंगी.

सहा बावीस.
पनवेलच्या बाजूने आभाळ उसवलं.
धर्माजी उजवीकडचं दव शॅमॉयने टिपत होता,
डावीकडचं मी टिपून घेतलं होतं.
डाव्या दारावर खाडीची कड उमटली,
तापलेल्या तारेसारखी एक रेघ,
पुढच्या चाकापासून आरशाखालून
मागे, मागे,
आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी
केसभर
दचकली.

मी एक डोळा मिटला.
धर्माजीचा हात थांबला.
"दिसतं?"
"फोटोत नाही दिसणार."
"पण दिसतं."

मग तो शॅमॉय पिळत राहिला,
त्यातलं पाणी कधीच संपलेलं.
"खारघरच्या उतारावर. रात्री दोन वाजता.
धाकटे साहेब होते.
मी सांगितलं, मी होतो."
थोड्या वेळाने,
"माणूस नव्हता मध्ये. डिव्हायडर होता."
आणखी थोड्या वेळाने,
"त्यांनीच सांगितलं तसं सांग म्हणून. पगार वाढवला."

उजेड कुणासाठी थांबत नाही.
मी उजव्या बाजूने अठरा फ्रेम घेतल्या,
लाल रंग असा पेटला होता
की मखिजासाहेब विकायचं रद्दसुद्धा करतील.
ओरखडा खरंच नव्हता, एकही.
डावीकडून एकच घेतली,
ती कुणाच्या जाहिरातीसाठी नाही.

बाबांना पाठवली, वर काही न लिहिता.
साडेसातला त्यांचा आवाज आला,
तोंडात ब्रश असल्यासारखा:
"मागच्या चाकाच्या वर.
पण पुट्टी पातळ लावलीय, घाई नाही केली.
हात चांगला आहे गं.
कुणाचा, विचार की."

धर्माजी तोवर वळला होता पुलाखाली,
दुसऱ्या गिअरमध्ये.
ऊन चढलं तरी
खांबांवरचे दिवे कुणी बंद केले नव्हते.